पौषातलं लग्न आणि जुन्नरजवळचं हे कृषी पर्यटन केंद्र : 5 पैकी 4

बजेट बेताचं असेल तर पहिली गोष्ट, पौषात बघा. पौषात लग्नं करत नाहीत आपल्याकडे, त्यामुळे मार्गशीर्ष संपला की केटरर, फोटोग्राफर, मांडववाले सगळे रिकामे असतात आणि फोनवर इतकं गोड बोलतात की विचारू नका. आमचं सत्यशोधक पद्धतीने, म्हणजे महात्मा फुल्यांनी सुरू केलेल्या भटजीशिवायच्या पद्धतीने होतं, त्यामुळे मुहूर्ताची भानगडच नव्हती. मावशी म्हणाली पौषात कोण लग्न करतं गं, तिला सांगितलं की पहिलं सत्यशोधक लग्न 25 डिसेंबर 1873 ला लागलं होतं, तर म्हणे बरं मग मांडवात स्वेटर घालून ये.

तर जागा. पुणे-नाशिक रोडने नारायणगाव, तिथून जुन्नरकडे वळायचं. जानेवारीतला मधला वार घेतला, पूर्ण जागा, 80 माणसांचं दोन वेळचं जेवण, नाश्ता आणि एक रात्र मुक्काम मिळून 1 लाख 35 हजार. पुण्यात एवढ्यात नुसता हॉल मिळाला असता. नाताळ ते 31 डिसेंबरचा रेट मात्र विचारूच नका, तेव्हा हुरडा पार्टीवाल्यांची झुंबड असते.

सकाळी दाट धुकं, समोरचा द्राक्षाचा मळा दिसतच नव्हता. लग्न साडेअकराला ठेवलं हे बरं झालं, तोवर ऊन आलं. आम्ही दोघांनी शपथा घेतल्या, फुल्यांची मंगलाष्टकं काकांनी पेटीवर म्हटली, अक्षता नाहीत, शेवंतीच्या पाकळ्या. शेवंती मालकांनीच ओळखीतून थेट शेतातून आणून दिली, पिवळी आणि पांढरी, देठावर दव तसंच, आणि सजावट म्हणजे तीच, वेगळा डेकोरेटर नाहीच. कायद्याचं काम मात्र आधीच पुण्यात उरकलं होतं, विशेष विवाह कायद्यात 30 दिवस आधी नोटीस लागते आणि तीन साक्षीदार, त्यामुळे जागा बुक करण्याआधी नोटीस द्या, नंतर धावपळ होते.

जेवण, इथे पैकीच्या पैकी! मासवडी. नुसतं नाव ऐकून मुंबईचे लोक मासे समजून बसले होते, पण ही बेसनाची, आत तीळ, खोबरं, लसूण, कांदा असं भाजलेलं सारण, आणि सोबत तिखट रस्सा, बाजरीची भाकरी. मागच्या चुलीवर दोन ताई ओल्या फडक्यावर बेसन थापून सारण भरून अलगद गुंडाळी करत होत्या, माझ्या सासूबाई नऊवारीतच तिथे जाऊन शिकायला बसल्या, फोटोग्राफर त्यांना शोधतोय.

आता तक्रारी. गरम पाण्याला एकच बंब! 80 माणसं आणि एक बंब, सकाळी सहापासून बादल्यांची रांग, नवरदेव पण रांगेत. गोधड्या पातळ आहेत, घरून शाली घेऊन जा, रात्री खरंच दात वाजतात. जनरेटरचं डिझेल वेगळं लावलं, ते बुकिंगच्या वेळी बोलले नव्हते, आम्ही वाद घातल्यावर निम्मं कमी केलं. हे आधीच लिहून घ्या.

आणि हो, बिबट्या. हा भाग उसाचा आहे आणि उसात बिबटे असतात हे सगळ्यांना माहितीय, मालक स्वतः स्पष्ट सांगतात, अंधार पडल्यावर कुंपणाबाहेर जायचं नाही, लहान पोरं एकटी सोडायची नाहीत. आमची चांदण्यात मळ्यातून हात धरून फिरायची आयडिया तिथेच बारगळली. शेकोटी अंगणातच केली, सगळे गोधड्या पांघरून गोल बसले, गाण्यांच्या भेंड्या, भाजलेले हरभरे, आणि आजोबांनी आजीसाठी भावगीत म्हटलं, आजी लाजली हो चक्क. स्पीकर दहाला बंद करायला लावतात, पण तोवर गरजच राहिली नव्हती.

एक स्टार बंबाचा कापलाय. दुसरा बसवला तर सांगा, नणंदेचं पुढच्या थंडीत ठरतंय.