आर्वीतील जुन्या कोटांचे दुकान

वर्धा जिल्ह्यातील आर्वीच्या बाजारपेठेत, एका अरुंद गल्लीत, पुरुषांचे जुने लोकरी कोट व सूट विकणारे आणि दुरुस्त करून देणारे एक छोटे दुकान आहे. पाटीवर मालकाचे नाव नाही. 'सूट-कोट स्पेशालिस्ट' एवढीच अक्षरे आहेत. आजोबांचा कोट पेटीतून बाहेर काढून पुन्हा वापरू इच्छिणाऱ्या, किंवा असे कोट हौसेने जमवणाऱ्या, वर्धा-अमरावती भागातील कोणालाही मी आधी याच दुकानाकडे पाठवीन. जुन्या कापडाला कुठे हात लावायचा आणि कुठे लावायचा नाही, याची इतकी पक्की जाण मला नागपुरातल्या मोठ्या काचेच्या दुकानांतही आढळली नाही.

इतक्या लहान गावात इतके चांगले सूट कसे मिळतात, असा प्रश्न साहजिक आहे. नागपूर १९५६ पर्यंत राजधानीचे शहर होते, आणि १९५१ मध्ये मालगुजारी (इथली जमीनदारीसारखी पद्धत) संपेपर्यंत या भागातील मालगुजारांचे, वकिलांचे व अधिकाऱ्यांचे तेथे सतत जाणे-येणे असे. त्या काळी मापाने शिवून घेतलेले सूट त्यांच्या वाड्यांतील पत्र्याच्या पेट्यांत वर्षानुवर्षे पडून राहिले, आणि आता वाडे विकले जाताना किंवा पाडले जाताना ते बाहेर येत आहेत. दुकानातील काकाजी ते घरी जाऊन पाहतात व योग्य किंमत देऊन घेतात. कानपूरच्या लाल इमली व पंजाबातील धारीवाल या लोकरीच्या गिरण्यांचे, ठाण्यात १९२५ मध्ये सुरू झालेल्या रेमंडच्या गिरणीचे कापड त्यांच्याकडे पाहायला मिळते. त्यांतील काही कापड सलग मीटरला ४०० ते ५०० ग्रॅम वजनाचे आहे. आजचे नेहमीचे सुटाचे कापड त्याच्या जवळपास निम्म्या वजनाचे असते.

कोट विकत घेण्यापूर्वी काकाजी जी तपासणी करतात, ती गिऱ्हाइकाला समोर बसवून दाखवतात. आतील दाबातून, म्हणजे शिवणीत सोडलेल्या जादा कापडातून, एक धागा काढून तो जाळतात: केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरडली गेली तर ती लोकर; वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर; दोन्ही झाले तर टेरीवूल. मग खालच्या बटणाजवळ कोटाचा पुढचा भाग चिमटीत धरून बाहेरचे कापड व आतला थर वेगवेगळे ओढून पाहतात. मध्ये तिसरा थर सुटा सरकला, तर आत घोड्याच्या केसांचा कॅनव्हास टाक्यांनी बसवलेला आहे असे समजावे. नंतरच्या काळातील अनेक कोटांत हा थर गोंदाने चिकटवलेला असतो, आणि ओलावा किंवा चुकीची उष्णता लागली की छातीवर फुगे येतात. ते फुगे समाधानकारकपणे घालवता येत नाहीत. म्हणून असा कोट स्वस्तात मिळाला तरी ते घेत नाहीत. खांद्यांच्या बाबतीतही त्यांचा नियम कडक आहे. बाही, कंबर, पाठ यांत बदल होऊ शकतो, जुन्या सुटांच्या पाठीच्या शिवणीत व पँटच्या कमरेत दाबही भरपूर सोडलेला असतो. पण खांदा बसत नसेल तर ते गिऱ्हाइकाला तो कोट विकतच नाहीत. विक्री गमावून दिलेला हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो.

या दुकानाचे खरे वैशिष्ट्य मात्र स्वच्छतेत आहे. जिल्ह्याच्या गावातील एका लाँड्रीत मी पूर्वी एक राखाडी कोट ड्राय-क्लीनिंगला दिला होता. तो परत आला तेव्हा लॅपल, म्हणजे छातीवर उलटलेली कॉलरची पट्टी, दाबून सपाट केलेली होती आणि कोपरांवर चकाकी आली होती, कारण लोकरीवर सरळ गरम इस्त्री फिरवली गेली होती. काकाजींनी तो कोट उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "याले धुवाचं काम नोयतं, याले हवा पाह्यजे होती." त्यांची पद्धत संथ आहे. आधी सावलीत वारा देणे, मग मऊ ब्रशने कापडाच्या लवीच्या दिशेने धूळ काढणे, खिसे उलटे करून कोपरे साफ करणे. कॉलरवरील केसांच्या तेलाचा डाग ते खडूची पूड लावून शोषून घेतात. घामाचा क्षार ड्राय-क्लीनिंगच्या द्रावणात नीट विरघळत नाही, त्याला पाणी लागते, म्हणून काखेचे अस्तर ते ओल्या फडक्याने टिपतात. इस्त्री कोळशाचीच आहे, परंतु मध्ये ओले सुती फडके असल्याशिवाय ती कापडाला टेकत नाही, आणि लॅपलची घडी तर ते दाबतच नाहीत. वाफ देऊन हाताने वळवतात. माझ्या कोटाची चकाकी पूर्ण गेली नाही, पण लॅपल पुन्हा गोलाईने वळली.

कसर लागलेल्या कपड्याविषयीही त्यांचे ज्ञान अचूक आहे. कापड खाते ती अळी; उडणारा पतंग खात नाही. अळीला घामाचे व अन्नाचे डाग असलेली लोकर अधिक आवडते, म्हणून मळका कोट पेटीत ठेवणे हाच सर्वांत मोठा धोका आहे. नवा आलेला प्रत्येक कोट ते इतरांपासून वेगळा, बंद पिशवीत ठेवतात आणि शक्य असेल तेव्हा डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर काही दिवस ठेवून मगच दुकानात आणतात. डांबरगोळ्यांवर त्यांचा भर नाही; त्यांचा वास अस्तरात खोल बसतो. मला हे पटते.

रफूचे काम काकू करतात. कोटाच्याच आतल्या दाबातून धागा काढून, विणीचा ताणाबाणा मोजून त्या छिद्र भरतात, आणि साध्या विणीच्या कापडावर ते छिद्र शोधूनही सापडत नाही. तिरप्या रेघांच्या कापडावर थोडी खूण उरते, हे त्या आधीच सांगतात.

काही उणिवा नोंदवणे आवश्यक आहे. अस्तर बदलताना दुकानात केवळ चकचकीत पॉलिस्टर मिळते, आणि विदर्भातील हवेत ते अंगाला चिकटते. व्हिस्कोसचे अस्तर आपणच नागपूरहून आणून द्यावे. पावती मिळत नाही, वहीत नोंद होते. लग्नसराईत, म्हणजे ऐन एप्रिल-मेमध्ये, नवरदेवांचे नवे सूट शिवण्यात सारे गुंतलेले असतात आणि जुना कोट खुंटीवर राहतो. दर मात्र वाजवी आहेत: बाही कमी करण्यास ३०० रुपये, रफूला जागेप्रमाणे १५० पासून पुढे. बाहीच्या बटणांना खरी काजे असतील तर ती खांद्याकडून कमी करावी लागते, त्याचे वेगळे पैसे पडतात, आणि ते पडावेतच.

इतके जाड कापड आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतच अंगावर सहन होते. त्यातही सकाळी व रात्री. एकदा वापरलेला कोट लगेच दुसऱ्या दिवशी न घालता रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर विसावू द्यावा, ही काकाजींची सूचना प्रत्येक गिऱ्हाइकाला मिळते. तारेच्या हँगरवर कोट देणे त्यांना मान्य नाही.

पोळ्याच्या सुमारास काम दिले तर दिवाळीनंतरच्या थंडीपूर्वी कोट हाती येतो. मूळ बटणे तुटलेली असली तरी ती पाकिटात घालून सोबत द्यावीत, म्हणजे त्यांच्या जुन्या डब्यातून काकाजी त्यांच्या जोडीची शोधून देतात.