टिळकवाडीतलं हॉस्पिटल डिझाईनचं वर्कशॉप – पैसे वसूल

दोन दिवसांचं वर्कशॉप होतं, फी दीड हजार, चहा-जेवण धरून. परदेशातली हॉस्पिटलं हिंडून बघितलेले दोन-तीन आर्किटेक्ट आणि आम्ही बेळगाव, निपाणी, खानापूरकडचे पंचवीसेक जण. मला वाटलं होतं काचेच्या बिल्डिंगांचे फोटो दाखवून घरी पाठवतील, पण तसं झालं नाही.

पहिल्याच तासाला फिनलंडचं पायमिओ सॅनेटोरियम घेतलं, टीबीच्या पेशंटांसाठी तिथलाच आर्किटेक्ट अल्वार आल्तोनं बांधलेलं, 1933 ला पूर्ण झालं. पेशंट दिवसभर उताणा पडलेला असतो, त्याला भिंतीपेक्षा छतच जास्त दिसतं, म्हणून छताला हिरवा रंग, दिवा डोळ्यावर येणार नाही असा लावलेला, आणि बेसिनचा उतार असा की पाण्याच्या आवाजानं शेजारच्याची झोप मोडू नये. एवढा बारीक विचार, तोही त्या काळात!

मला आमचे बाबा आठवले. गेल्या पावसाळ्यात अकरा दिवस ॲडमिट होते, ट्यूबलाईट बरोब्बर कपाळावर, बटण सगळ्या वॉर्डाला मिळून एकच, रात्रभर डोळ्यावर टॉवेल घेऊन पडायचे आणि तो घसरला की मी उठून परत सारखा करायचो. बारा वर्षं या धंद्यात आहे मी, पण लाईटचा पॉइंट काढताना खाटेवर पडलेल्या माणसाला काय दिसेल हे कधी मनातच आलं नव्हतं, फार लागलं ते.

दुसऱ्या दिवशी रवांडातलं बुटारो हॉस्पिटल, 2011 चं. तिथलाच ज्वालामुखीचा दगड, तिथलेच गवंडी, टीबी पसरू नये म्हणून कॉरिडॉर बाहेरच्या बाजूनं आणि वॉर्डात मोठे पंखे, भरपूर हवा. आपल्याकडं खानापूरचा चिरा आहे की, मग वॉर्ड बंद करून एसीच कशाला पाहिजे यावर चांगली तासभर चर्चा रंगली. रॉजर उलरिच या संशोधकाचा 1984 चा अभ्यासही सांगितला, पित्ताशयाच्या ऑपरेशनचे 46 पेशंट, निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसायची आणि निम्म्यांना विटांची भिंत, झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जड पेनकिलरही कमी लागल्या.

कमी काय पडलं तर ओटीचा, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा भाग घाईत उरकला. आणि आपल्याकडं एका पेशंटमागं चार माणसं, चंदगडहून डबा घेऊन आलेली जिन्यावर बसतात, त्यांची सोय कुठं करायची हे आम्हीच विचारलं तेव्हा विषय निघाला. बोर्ड कन्नड-इंग्लिश, आजीला एक्स-रे कुठं ते कळत नाही, त्यावर निपाणीच्या एकानं फरशीवर रंगीत पट्टे ओढायचं सुचवलं, ते मला पटलं.

जाणार असाल तर चालू कामाचं ड्रॉइंग घेऊन जा, शेवटच्या दोन तासांत शेजारी बसून तपासून देतात. माझ्या खानापूरच्या वीस खाटांच्या प्लॅनमध्ये त्यांनी खाटा फिरवायला लावल्या. आता दोन खाटा कमी बसतात, मालकांना समजवावं लागलं, पण प्रत्येक खाटेवरून मागची चिंच दिसतेय.