सरळ ओढीची रायफल: फिरतं डोकं घ्यावं की फुलणाऱ्या पाकळ्या?

फिरवून उघडायचा बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी दट्ट्या) सोडून सरळ ओढीच्या रायफलकडे जायचं, इथपर्यंत ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. फैर लवकर झाडता येते, नेम कमी हलतो, हे तुम्हाला ठाऊक असणारच. अडतं ते पुढे. हात नुसता मागेपुढे होत असेल, तर बोल्टला कुलूप लावतं कोण? त्याची मुख्य दोन उत्तरं आहेत. मी दोन्ही पद्धतींच्या रायफली वापरल्या. एक विकली, एक ठेवली.

फिरत्या डोक्याची पद्धत जुनी. १८९५च्या ऑस्ट्रियन मॅन्लिखरमध्ये बोल्टच्या पोटात मळसूत्री खाचा आहेत. दांडा मागे ओढला की बोल्टचं अंग सरळ मागे येतं, डोकं मात्र त्या खाचांमुळे गर्रकन फिरतं आणि त्यावरचे दोन कान, म्हणजे कुलपाचे खुंट, पकडीतून सुटतात. स्विस लोकांनी १८८९च्या श्मिट-रुबिनमध्ये वेगळी सरकदांडी लावून बोल्टची बाहीच फिरवली. तिचे कान बरेच मागे होते, पुढे के-३१ मध्ये ते चेंबरजवळ, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेजवळ, आणले. आजच्या रायफलींपैकी मर्केलची हेलिक्स याच घराण्यातली. सात कान, दांड्याची ओढ वाढवून बोल्टला देणारे दाते, आणि सगळा कारभार बंद पेटीत. त्यामुळे बोल्ट ओढताना गाल बाजूला घ्यावा लागत नाही. हे सुख छोटं नाही.

दुसऱ्या पद्धतीत काहीच फिरत नाही. ब्लासरने १९९३ मध्ये आर-९३ आणि २००८ मध्ये आर-८ आणली, त्यांत बोल्टच्या तोंडाशी उभे काप घेतलेली एक कडी असते. दांडा शेवटी पुढे कलला की तिच्या पाकळ्या बाहेर फुलतात आणि नळीच्या मागच्या टोकातल्या गोल खोबणीत बसतात. भिंतीतला प्लास्टिकचा प्लग स्क्रू आत गेल्यावर फुगून घट्ट बसतो ना, साधारण तसंच. आर-८ मध्ये त्या पाकळ्यांच्या आत एक बुश (छोटं नळकांडं) सरकून टेकू देतो. बुश जागेवर असताना पाकळ्यांना मिटायला वावच उरत नाही.

पाकळ्यांच्या जागी बेअरिंगमध्ये असतात तसे पोलादी छर्रे वापरणारेही आहेत. हाइमची एसआर-३० तशीच, बायथलॉनच्या (स्की आणि नेमबाजीच्या) शर्यतीत दिसणारी आन्शुट्झ फोर्टनरही तशीच. तिथे तर्जनीने बोल्ट उघडायचा आणि अंगठ्याने बंद करायचा. पण ते .२२चं हलकं काडतूस आहे. त्यावरून मोठ्या काडतुसाचा अंदाज बांधू नये.

आता माझं रडगाणं. माझी पहिली रायफल फिरत्या डोक्याची होती, जुन्या वळणाची, दांडा बोल्टला पक्का जोडलेला. नेमकी होती, दिसायलाही देखणी. पण तिला हलक्या हाताने बंद करता येत नसे. पालथं पडून, श्वास जुळवून, नेमाची रेघ न हलवता बोल्ट हळूच पुढे नेला की तो शेवटच्या बोटभर अंतरात अडायचा. चाप ओढावा तर काहीच नाही. तशी रायफल शहाणी होती, कुलूप लागल्याशिवाय काडतुसाला ठोका देणारी पिन सुटायची नाही. पण जुळलेला नेम तर गेलाच. मी काही नोंदवही ठेवली नव्हती, तरी दिवसभराच्या सरावात दोन-तीनदा तरी हे व्हायचं, आणि व्हायचं ते हटकून जपून मारायच्या गोळीला.

कारण समजायला वेळ लागला. शेवटच्या त्या बोटभर अंतरात हाताला एकदम तीन-चार कामं करावी लागतात. पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा आकडा तिच्या काठावर चढवायचा, ती बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरची स्प्रिंग दाबायची, डोकं फिरवायचं, आणि काही रायफलींत पिनची स्प्रिंगही ताणायची. फिरवायच्या बोल्टमध्ये दांडा खाली वळवताना तरफेचा जोर मिळतो. सरळ ओढीत तो नाही. म्हणून जुने लोक सांगतात तेच खरं, असा बोल्ट थप्पड मारूनच बंद करायचा. उघडतानाही तेच, पुंगळी चिकटली की नुसतं मनगट उरतं. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या फौजेची रॉस रायफल चिखलात आणि गोळीबाराने तापल्यावर अशी अडायची, की सैनिक दांड्यावर बुटाच्या लाथा घालायचे. १९१६ पर्यंत ती आघाडीवरच्या पायदळाकडून काढून घेतली गेली. काही स्नायपरांनी मात्र ती सोडली नाही. तिच्या नेमकेपणाबद्दल तक्रार नव्हतीच. (त्याच रॉसचं डोकं चुकीचं फिरवून जोडलं, तर बोल्ट बंद दिसायचा पण कुलूप नसायचं. ती गोष्ट आठवली की अजूनही अंगावर काटा येतो.)

ब्लासरसारख्या कलणाऱ्या दांड्याच्या रायफलीत तरफ परत मिळते. शेवटचं अंतर अंगठ्याने रेटलं तरी पाकळ्या फुलतात, आवाज फारसा होत नाही. शिवाय आर-८ मध्ये पिनची स्प्रिंग बोल्ट ताणत नाही, ती नेम धरल्यावर आपण अंगठ्याने चढवतो. तेवढा भार बंद करतानाच्या हातावरून उतरतो. माझ्या हाताला हे मानवलं.

एकांगी बोलत नाही. पाकळ्यांमध्ये आणि त्या खोबणीत काजळी साचते. ब्रशने नीट काढावी लागते आणि मला त्याचा कंटाळा येतो. फिरतं डोकं कापडाने पुसलं की झालं, आणि कान झिजलेत का हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. पाकळ्यांचं तसं नाही, बऱ्याच अंशी विश्वासावर चालतं. ज्यांचा हात मुळातच जोरकस आहे, ज्यांना थप्पड मारून बोल्ट लावायची सवयच आहे, त्यांना हेलिक्ससारखी रायफल जास्त आवडेल, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

घेण्याआधी एक करा. दोन डमी (बिनदारूची) काडतुसं मागून घ्या, रायफल खांद्याला लावा आणि बोल्ट मुद्दाम, लाज वाटेल इतक्या सावकाश बंद करा. मग बोल्ट पूर्ण बसलाय का ते बघा. दुकानात सगळे जण तो खाडकन लावून दाखवतात, तेव्हा प्रत्येक रायफल छानच वाटते.