'हेडलाइन'च्या तळाशी जा: ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीज

इंग्रजी बातमी मराठीत आणणाऱ्यांना किंवा इंग्रजीत प्रेसनोट लिहिणाऱ्यांना ही फुकट वेबसाइट चांगली उपयोगी पडते, फक्त नेमकं कुठे बघायचं ते ठाऊक हवं. 'हिट द हेडलाइन्स' अख्खं टाइप करत बसू नका. 'हेडलाइन' उघडा आणि थेट तळाशी 'इडियम्स'पर्यंत या. तिथे मेक, हिट, ग्रॅब ही तिन्ही क्रियापदं एकाच व्याख्येच्या दावणीला बांधलेली दिसतील. हे मात्र पटत नाही. 'मेक' म्हणजे नुसतं बातमीत येणं. 'हिट' अचानक होतं. घोटाळा फुटला की हेच क्रियापद. 'ग्रॅब'मध्ये इतरांना सारून जागा बळकावणं आहे. तिन्हीकडे 'चर्चेत आले' लिहून मोकळं झालं, की ही छटा गेलीच.

उदाहरणवाक्यं मात्र सोडू नका. आपल्याकडून हमखास गळतो तो 'द'. 'हिट द हेडलाइन्स', 'इन द लाइमलाइट' यांत तो हवाच. 'मेक हेडलाइन्स' त्याच्यावाचूनही चालतं. 'केम इन हेडलाइन्स' हे आपल्या 'मथळ्यात आले'चं कलम, इंग्रजीत ते रुजत नाही.

'लाइमलाइट'मधला लाइम म्हणजे लिंबू नव्हे, चुना. ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत कळीचा चुना तापवला की झगझगीत पांढरा उजेड पडतो. १८३७ साली लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात तो वापरला गेला. म्हणून 'प्रकाशझोतात' हे भाषांतर चपखल बसतं. 'हॉग द लाइमलाइट' म्हणजे झोत सगळा आपल्याच अंगावर ओढून घेणं.

खरी ठेच लागते ती 'कोर्ट पब्लिसिटी'ला. घाईत त्याची 'न्यायालयीन प्रसिद्धी' होते! 'कोर्ट'ची नाम आणि क्रियापद अशी दोन वेगळी पानं आहेत. क्रियापदाचं उघडा, म्हणजे 'मिळावं म्हणून मागे लागणं' हा अर्थ हाती येईल. 'पब्लिसिटी' अगणनीय असल्यामुळे 'अ पब्लिसिटी' चूक. 'अ पब्लिसिटी स्टंट' बरोबर, कारण तिथे मोजायचा तो स्टंट. कोणती क्रियापदं सोबत येतात हे सांगणारी 'कोलोकेशन्स'ची चौकट मिटलेली असते, तिच्यावर टिचकी मारावी लागते. बरेचजण ती न उघडताच पुढे जातात.

मराठी अर्थ इथे मिळत नाहीत. प्रतिशब्द आयते हवे असतील तर ही जागा तुमची नाही.