आधी ‘प्राइड’ की ‘सो मेनी बिगिनिंग्ज’?

दांडिया बाजारात जुन्या वाड्यासमोर नवी इमारत उभी राहताना पाहिलेल्या वडोदऱ्याच्या नववी-दहावीतल्या मुलीला इबी झोबोईंची ‘प्राइड’ (२०१८) लगेच भिडेल. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या पाच बहिणी इथे न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या बुशविकमध्ये राहतात. समोरचं पडकं घर डार्सी कुटुंब चकाचक करतं आणि बहिणींतल्या झुरीचा राग तिथूनच पेटतो. (प्रेमापेक्षा हा रागच जास्त खरा वाटतो.) मूळची ६१ प्रकरणं आधी वाचायची सक्ती नको, ३४वं, डार्सीच्या लग्नाच्या मागणीला नकार मिळतो ते, तेवढं पुरे.

बेथनी मॉरो यांची ‘सो मेनी बिगिनिंग्ज’ (२०२१) मात्र तयारी मागते. ‘लिटल विमेन’मधलं मार्च कुटुंब इथे कृष्णवर्णीय, साल १८६३, जागा रोआनोक बेटावरची गुलामीतून सुटलेल्यांची वसाहत. अमेरिकेतलं यादवी युद्ध ठाऊक नसेल तर सुरुवातीलाच गाडी अडते. ‘लिटल विमेन’चा शान्ता शेळकेंनी केलेला अनुवाद, ‘चौघीजणी’, वाचलेला असला तर बरं. त्यातल्या बेथची इथे बेथलेहेम झालीय, ते पटकन कळतं.