गुरुवारची मानसोपचार ओपीडी: डॉक्टरांच्या पश्चात

आमच्या तालुक्याच्या गावी दर गुरुवारी भरणाऱ्या मानसोपचार ओपीडीत मी अकरा वर्षे समाजसेविका म्हणून काम करते आहे, त्यामुळे हा अभिप्राय त्रयस्थाचा नाही, हे आधीच सांगते. ही ओपीडी उभी करणारे आमचे डॉक्टर गेल्या पावसाळ्यात, एका बुधवारी रात्री हृदयविकाराच्या झटक्याने गेले. पहाटेच्या एसटीने निघालेल्या लोकांना कळवायला वेळच मिळाला नाही. नऊ वाजता बाके भरलेली होती आणि ती बातमी त्यांना सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

एक आई मुलाची वही मांडीवर घेऊन बराच वेळ गप्प बसून होती. मग तिने विचारले, "आज लिथियमचा रिपोर्ट दाखवायचा होता, आता कुणाला दाखवू?" लिथियम म्हणजे मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध; त्याचे रक्तातले प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते.

त्या दिवशी ओपीडी मोडली नाही ती या वह्यांमुळे. रुग्णाने स्वतःच्या नोंदी मागितल्यास त्या मिळण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला, परंतु त्याआधीपासूनच डॉक्टर प्रत्येकाला शंभर पानी वही देत आणि ती रुग्णाच्या घरीच राहत असे. त्या मुलाच्या वहीत त्यांच्या ठसठशीत मराठी अक्षरात लिहिले होते: रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यावे, उन्हात काम असेल तर पाणी भरपूर प्यावे, जेवणातले मीठ एकदम कमी करू नये, अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. शरीरातले पाणी किंवा मीठ घटले, किंवा काही वेदनाशामक गोळ्या घेतल्या, की रक्तातले लिथियम वाढते, हे शेतावर राबणाऱ्या घराला इतक्या सोप्या शब्दांत सांगणारे दुसरे कोणी मी पाहिलेले नाही.

दुपारी शेजारच्या तालुक्यातून एक तरुण मानसोपचारतज्ज्ञ धावत आले. एकाही रुग्णाला ते ओळखत नव्हते, तरी वह्या वाचून संध्याकाळपर्यंत त्यांनी सर्वांना तपासले आणि कोणाचीही गोळी चुकली नाही. लिथियम अचानक थांबले तर आजार उलटण्याचा धोका किती असतो, हे ज्यांनी घरात सोसले आहे, त्यांना या वाक्याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

वह्या चाळताना मला माझे नाव दिसत राहिले. घरभेटीत मला जे आढळे, ते डॉक्टर "ताईंचे निरीक्षण" असे लिहून त्याखाली माझे नाव घालत. निर्णय बदलला, तर कोणाच्या सांगण्यावरून बदलला, हेही लिहीत. इतका मान मला या क्षेत्रात इतरत्र मिळालेला नाही, आणि त्यांच्या हयातीत मी हे त्यांना कधी बोलून दाखवले नाही.

सेवेत उणिवा आहेत. नवे डॉक्टर एक आड एक गुरुवारीच येऊ शकतात, दोन-तीन तास थांबावे लागते आणि तपासणीच्या खोलीला दाराऐवजी पडदा असल्याने बोलणे बाहेर ऐकू येते. स्त्रियांना याचा फार संकोच होतो. डॉक्टरांनाही तो पडदा खुपत असे, दाराचे माप त्यांनी घेऊन ठेवले होते. तरीही मी माझ्या नात्यातल्या माणसाला इथेच आणीन. नाव साडेआठपर्यंत नोंदवावे. जुनी वही, चालू गोळ्यांची पाकिटे आणि घरात गोळ्या देणारी व्यक्ती सोबत असावी.