हाताने फिरवायचा आइस्क्रीम पॉट (४ लिटर, लाकडी बादली)

या पॉटची खरी किंमत बादलीत आहे. जाड लाकूड बाहेरची उष्णता सहजी आत येऊ देत नाही, त्यामुळे बर्फ वितळतो तो डब्यातल्या दुधाची उष्णता ओढून. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. पातळ प्लॅस्टिकच्या बादलीत त्यातला बराच भाग हवेतूनच येतो आणि बर्फ फुकट जातो.

नुसत्या बर्फात आइस्क्रीम कधीच जमणार नाही. साखर घातलेलं दूध गोठायला शून्याच्या दोन-अडीच अंश खाली जावं लागतं आणि वितळता बर्फ शून्यावरच थांबतो. मीठ घातलं की तो शून्याखालीही वितळत राहतो. वजनाने चार भाग बर्फाला एक भाग खडेमीठ घेतलं तर उणे १० ते १५ अंश सहज मिळतात. बारीक मीठ नको, ते पाण्याबरोबर तळाशी जातं. मीठ जास्त झालं तर कडेला दगडासारखा थर धरतो, मधलं दूध पातळ राहतं आणि दांडा अडकतो. कमी पडलं तर गोठायला वेळ लागतो, बर्फाचे कण मोठे होतात आणि आइस्क्रीम खरखरीत लागतं.

बर्फाचे तुकडे आवळ्याएवढे हवेत. मिश्रण आधी फ्रिजमध्ये गार करून डबा दोन तृतीयांशच भरा; गोठताना ते फुगतं. पहिली पाच मिनिटं दांडा सावकाश फिरवा. साईचं दूध कोमट असताना जोरात घुसळलं तर लोणी सुटतं! वीस-पंचवीस मिनिटांत दांडा जड झाला की पाती काढा, नवा बर्फ-मीठ भरा आणि गोणपाट टाकून तासभर ठेवा. वितळलेलं आइस्क्रीम पुन्हा गोठवता येतं, पण न ढवळता गोठवलं तर तो पोत परत येत नाही.

डबा स्टीलचा आहे, हे चांगलंच. अॅल्युमिनियममधून उष्णता कितीतरी लवकर जाते, पण खारं पाणी त्याला खड्डे पाडतं. शिवाय पत्रा पातळ असल्यामुळे वेगात फारसा फरक पडत नाही. पाती डब्याची कड नीट खरवडतात का, हे जास्त महत्त्वाचं. इथे ती व्यवस्थित टेकतात.

दोन त्रास मात्र आहेत. कोरडी बादली गळते, कारण सुकलेल्या फळ्या आकसतात. आदल्या रात्री पाणी भरून ठेवलं की त्या फुगून फटी बुजतात. दुसरं म्हणजे पाणी जायचं भोक बर्फाच्या तुकड्यांनी चटकन बुजतं. ते काडीने मोकळं ठेवलं नाही, तर खारं पाणी झाकणापर्यंत चढून आइस्क्रीममध्ये शिरतं.